सेवक-नेता: स्वतः राबणारा की इतरांना उभे करणारा?

शिशिरा

सामाजिक कामातल्या नेतृत्वाविषयी बोलणे निघाले, की ‘नेत्याने आधी सेवक असले पाहिजे’ हे वाक्य कोणीतरी म्हणतेच आणि सगळे माना डोलावतात. हरकत घ्यावी असे त्यात काही नसल्यामुळे चर्चा तिथेच थांबते. ती थांबू नये म्हणून हा धागा काढते आहे. माझे म्हणणे असे, की जो माणूस समाजासाठी रात्रंदिवस राबतो तो सेवक असतो यात शंका नाही, परंतु तेवढ्याने तो सेवक-नेता होत नाही. पुष्कळदा तर त्याचे राबणेच इतरांच्या वाटेत येते. वाचनालय असो, पालकांचा गट असो, रुग्णांना मदत करणारे मंडळ असो किंवा वस्तीच्या पाणीप्रश्नावर काम करणारी समिती असो, प्रत्येक ठिकाणी अशी एक व्यक्ती सापडते, की तिच्यावाचून पान हलत नाही. तिचा सत्कार होतो, तिच्या निष्ठेचे दाखले दिले जातात, आणि ती आजारी पडली की काम ठप्प होते. सत्काराच्या भाषणात या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख सहसा कौतुकाने होतो, हे मला विशेष चमत्कारिक वाटते.

ही कल्पना आजच्या स्वरूपात मांडली ती रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी. १९०४ साली जन्मलेले हे गृहस्थ १९२६ पासून १९६४ पर्यंत एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीत होते आणि व्यवस्थापक घडवणे हे तिथले त्यांचे मुख्य काम होते. सेवक-नेतृत्वावरचा त्यांचा निबंध निवृत्तीनंतर, १९७० साली आला. विद्यापीठांतून असंतोष धुमसत होता आणि मोठ्या संस्थांवरचा तरुणांचा विश्वास उडालेला होता, तो हा काळ. ग्रीनलीफ यांनी कसोटी लावली ती नेत्याला नव्हे, ज्यांची सेवा केली जाते त्यांना. ती माणसे वाढतात का? सेवा घेता घेता ती अधिक निरोगी, अधिक शहाणी, अधिक मोकळी, अधिक स्वावलंबी होतात का, आणि उद्या स्वतःच सेवेला उभी राहण्याची शक्यता वाढते का? आणि समाजात ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी आले आहे त्याचे या सगळ्यात काय होते. त्याला लाभ होतो का, निदान आहे तेही हिरावले तरी जात नाही ना?

पुढे लॅरी स्पिअर्स यांनी ग्रीनलीफ यांच्या लिखाणातून दहा गुणांची यादी तयार केली. ऐकून घेणे, सहवेदना, दूरदृष्टी, विश्वस्तवृत्ती वगैरे. प्रशिक्षणवर्गांत आता ही यादीच शिकवली जाते, कारण यादी शिकवायला सोपी असते. माझ्या मते इथेच गफलत झाली. यादी नेत्याकडे पाहते आणि मूळ कसोटी लोकांकडे. दहाच्या दहा गुण अंगी असलेला माणूसही आपल्याभोवती परावलंबी माणसांचा घोळका जमवू शकतो.

ग्रीनलीफ स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि त्यांनी जॉन वूलमन (१७२०-१७७२) यांचे उदाहरण दिले आहे, ते मला फार बोलके वाटते. वूलमन हे शिंपीकाम आणि दुकानदारी करणारे क्वेकर होते. त्या काळी अमेरिकेतली अनेक सधन क्वेकर कुटुंबे गुलाम बाळगून होती. वूलमन त्यांच्या घरी जात, पाहुणचार घेत, जाताना त्या घरच्या गुलामांना त्यांच्या कामाचे पैसे देत आणि यजमानांशी शांतपणे बोलत. माणूस मालकीचा असण्याने मालकाचे काय होते, मुलांच्या हाती आपण कोणता वारसा ठेवणार, असे त्यांचे बोलणे असे. निर्णय यजमानानेच घ्यायचा असे. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ साली गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना पंथाच्या कारभारातून दूर ठेवण्याचे ठरवले आणि १७७६ साली गुलाम बाळगण्यालाच मनाई केली. त्या वेळी वूलमन जाऊन चार वर्षे झाली होती. या कामात ते एकटे नव्हते, हे खरे. परंतु त्यांनी ज्या पद्धतीने काम केले तिच्यामुळे ते गेल्यावरही काम थांबण्याचे कारण उरले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे अशी विनंती आहे. काम दुसऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात कसे सोपवावे, आणि आपण सेवेच्या नावाखाली लोकांना बांधून ठेवतो आहोत हे वेळीच कशावरून ओळखावे?

जमाखर्च

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. मी अनेक वर्षे स्वयंसेवी संस्थांचे हिशेब पाहत आलो आहे. स्वभाव, वृत्ती वगैरे तपासण्याआधी एक फार साधी गोष्ट तपासावी: संस्थेबद्दलची कोणकोणती माहिती केवळ एकाच माणसाच्या डोक्यात आहे? कागदावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि भरगच्च कार्यकारिणी असते. प्रत्यक्षात कपाटाची दुसरी किल्ली कुठे आहे, ईमेलचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, गेल्या वेळी सभागृह कोणाच्या ओळखीने मिळाले, कोणत्या देणगीदाराला फोन चालतो आणि कोणाला पत्रच पाठवावे लागते, या सगळ्या प्रश्नांचे उत्तर एकच नाव असते. त्या माणसाने हे मुद्दाम केलेले नसते. ‘समजावून सांगत बसण्यापेक्षा मीच उरकून टाकतो’ असे दर वेळी होत होत ते साचलेले असते, आणि त्या त्या वेळेपुरते त्याचे म्हणणे खरेही असते. समजावण्यात तास जातो, करण्यात दहा मिनिटे. मात्र तेच काम दर महिन्याला पुन्हा येते, हे त्या हिशेबात धरलेले नसते.

यावर बहुतेक संस्था जाणकाराला बसवून टिपण लिहून घेतात. माझा अनुभव असा, की त्या टिपणाचा फारसा उपयोग होत नाही, कारण जाणकाराला जे उघड वाटते ते तो लिहीतच नाही. टिपण नवख्याने लिहावे, जाणकाराला विचारत विचारत. एका संस्थेत बँकेच्या पासबुकाचा आणि रोकडवहीचा ताळमेळ घालण्याचे काम एका तरुणीकडे द्यायचे होते. खजिनदारांनी आधी लिहून ठेवलेल्या कागदावर ‘दोन्हीकडच्या शिल्लकेतला फरक काढावा’ एवढेच वाक्य होते. ती मुलगी शेजारी बसून लिहू लागली तेव्हा तिने विचारले, की आपण धनादेश दिला, वहीत खर्चीही टाकला, पण समोरच्याने तो महिनाअखेरपर्यंत बँकेत भरलाच नाही, तर तो फरकात कुठे दाखवायचा? खजिनदार क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिले. इतकी वर्षे ते हे डोक्यातच करत आले होते. त्या एका प्रश्नातून टिपणात चार नवी वाक्ये आली, आणि पुढच्या महिन्यात तिने एकटीने ताळमेळ घातला. खजिनदार त्याच खोलीत होते, परंतु त्यांनी वहीला हात लावायचा नाही असे ठरले होते. ते पाळणे त्यांना जड गेले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळले असते.

हे काम वरकरणी किरकोळ आहे, पण नेतृत्वाच्या गप्पा मारणाऱ्याने आधी हे करून दाखवावे असे मला वाटते.

वाकडी_वाट

मला या संकल्पनेबद्दलच शंका आहे, आणि धाग्यात आतापर्यंत सगळे फारच गोडीने चालले असल्यामुळे ती स्पष्ट मांडतो. जो पगार घेतो त्याला हिशेब विचारता येतो. जो घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आणि वर पदरमोडही करतो, त्याला ‘या खर्चाची पावती कुठे आहे?’ असे विचारले, की विचारणाराच कृतघ्न ठरतो. ‘मी तुमच्यासाठी एवढे केले’ हे वाक्य त्याला उच्चारावेही लागत नाही. बाकीचेच ते त्याच्या वतीने उच्चारतात. अशा रीतीने त्यागाचे भांडवल होते, आणि हे भांडवल निवडणुकीत मिळालेल्या मतांपेक्षा जास्त टिकाऊ असते, कारण त्याची मुदत कधी संपत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ साली युरोपातल्या समाजवादी पक्षांचा, विशेषतः जर्मनीतल्या पक्षाचा, अभ्यास करून जो निष्कर्ष काढला तो इथे आठवावा. समतेसाठीच स्थापन झालेल्या संघटनांमध्येही सत्ता हळूहळू मूठभरांच्या हाती जाते, असे त्यांचे म्हणणे होते. कारभाराचे ज्ञान नेत्यांकडे साचते, संपर्काची साधने त्यांच्या हाती असतात, सभासदांना रोजच्या कामात फारसा रस नसतो, आणि शिवाय नेत्यांनी खाल्लेल्या खस्तांबद्दल त्यांना कृतज्ञता वाटते. ही कृतज्ञताही त्यांनी कारणांमध्ये धरलेली आहे, हे महत्त्वाचे. तेव्हा सेवक-नेता चांगला असला तर चांगले होते, एवढे म्हणून भागत नाही. तो चांगला नसला तरी फार बिघडू नये, अशी तरतूद संस्थेच्या घटनेत पाहिजे. पदाची मुदत ठरलेली असावी, सलग दोन कार्यकाळांनंतर सक्तीची विश्रांती असावी, आणि खर्चाच्या नोंदी कोणत्याही सभासदाला कारण न सांगता पाहता याव्यात. या तीन गोष्टी नसतील तर बाकी सगळे सुविचार समजावेत.

काठावरचा

वाकडी_वाट यांच्याशी सहमत. कारण न सांगता हिशेब पाहता येणे, यातले ‘कारण न सांगता’ हे शब्द ठळक करावेत.

शिशिरा

वाकडी_वाट, आपल्या तिन्ही तरतुदी मला मान्य आहेत, किंबहुना त्यांशिवाय माझ्या मूळ म्हणण्याला अर्थ उरत नाही. पण केवळ मुदतीच्या नियमावर फार विसंबू नये. मुदत संपल्यावर पद सोडून सूत्रे मात्र हाती ठेवणारे ‘मार्गदर्शक’ आपण सर्वांनी पाहिले आहेत. नवा अध्यक्ष खुर्चीत बसतो आणि प्रत्येक ठरावाच्या वेळी सभेच्या नजरा आपोआप दुसऱ्या रांगेतल्या त्या ज्येष्ठांकडे वळतात. नियमाने पद रिकामे होते. त्या नजरा वळायच्या थांबण्यासाठी जे करावे लागते ते पदावर असतानाच, वर्षानुवर्षे करावे लागते. आपण ज्याला संस्थेच्या घटनेतली तरतूद म्हणता आणि मी ज्याला वृत्ती म्हणते, ती एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत.

मागचा_बाक

एक वेगळा मुद्दा मांडते. ‘नेत्याने सेवक व्हावे’ हा उपदेश ज्याच्या हाती आधीच सत्ता आहे त्याच्यासाठी उत्तम आहे. ज्यांच्या वाट्याला जन्मभर सेवाच आली, त्यांना तो कसा ऐकू येत असेल याचा विचार करावा. सभेची हजेरी घेणे, इतिवृत्त लिहिणे, जे आले नाहीत त्यांना फोन करणे, खुर्च्या मांडणे आणि शेवटी सतरंज्या गुंडाळणे ही कामे कोण करते ते पाहावे. बहुतेक ठिकाणी ती स्त्रिया करतात, किंवा ज्यांना सभेत बोलण्याची सवय नाही अशी माणसे करतात. त्याला कोणी नेतृत्व म्हणत नाही, त्याला ‘मदत’ म्हणतात. आणि तेच काम अध्यक्षांनी वर्षातून एकदा केले, एखादी सतरंजी उचलली, की त्याचे छायाचित्र निघते.

मी ज्या गटात काम करते तिथे एका सभासद बाईंना परिसरातल्या प्रत्येक कुटुंबाची खडान्खडा माहिती होती: कोणाचे आजारपण चालू आहे, कोणाचे काम सुटले आहे, कोण मदत मागायला संकोचेल. मदतीची यादी करायची वेळ आली की पदाधिकारी त्यांना बाजूला घेऊन विचारत आणि मग सभेत ती यादी स्वतः मांडत. शेवटी एका सभेत कोणीतरी सुचवले, की यादी बाईंनीच मांडावी आणि प्रश्नांची उत्तरेही त्यांनीच द्यावीत. त्या उभ्या राहिल्या. पहिली दोन नावे त्यांनी जवळजवळ पुटपुटत वाचली. तिसऱ्या नावावर एकाने शंका काढली, की या कुटुंबाला खरेच गरज आहे का. तेव्हा मात्र त्यांचा आवाज एकदम स्पष्ट झाला, आणि त्या घरात कमावणारे कोण होते, ते कधीपासून अंथरुणाला खिळले आहेत आणि औषधांवर काय जाते, हे त्यांनी कागदाकडे न पाहता सांगितले. शंका मागे घेतली गेली. त्यानंतर मदत वाटपाचा विषय निघाला की सभा त्यांच्याकडेच पाहू लागली. शिशिरा यांनी नजरांविषयी लिहिले आहे. त्या अशाही वळवता येतात.

म्हणून माझा आग्रह असा, की ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने सेवेची कामे अंगावर घ्यावीत, पण त्याहून जास्त महत्त्वाचे म्हणजे जे आधीच सेवा करत आहेत त्यांच्याकडे निर्णयाचा अधिकार द्यावा. पहिली गोष्ट दिसायला छान असते म्हणून होते. दुसरीत काहीतरी सोडावे लागते.

अनुमोदक

सभेचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल लिहितो, कारण ऐकून घेणे हा गुण आहे असे म्हणून सोडून दिले की तो कोणाच्याच अंगी येत नाही. ऐकणे बव्हंशी सभेच्या रचनेवर अवलंबून असते. अध्यक्षाने आपले मत आधी सांगितले की उरलेली चर्चा त्या मताभोवती फिरते. विरोध करणारे सौम्य होतात आणि ज्यांचे मत पक्के नव्हते ते सहमत होऊन मोकळे होतात. अध्यक्षाने शेवटी बोलायचे, एवढा एकच नियम पाळला तरी चर्चेचा पोत बदलतो. दुसरे असे, की ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असा मोघम प्रश्न टाकला तर नेहमीचे बोलके लोकच बोलतात. त्याऐवजी प्रत्येकाला ओळीने, बोलायचे नसेल तर ‘पुढे’ म्हणण्याची मुभा ठेवून, विचारावे. वेळ जास्त लागतो, आणि विषयपत्रिकेवर दहा विषय असतील तर हे शक्यच होत नाही. म्हणून विषय कमी ठेवावेत. ज्या सभेत दहा विषय ‘सर्वानुमते’ मंजूर होतात तिथे निर्णय आधीच कुठेतरी झालेले असतात.

याच्या उलट टोकालाही एक सापळा आहे. ‘आमच्यात कोणी नेता नाही, सगळे सारखे’ असे म्हणणारे गट फार निर्मळ वाटतात. अमेरिकी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्त्रीमुक्ती चळवळीतल्या गटांच्या अनुभवावरून, या भ्रमावर नेमके बोट ठेवले. रचना नाही असे म्हटल्याने रचना नाहीशी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते. मग ज्यांची आपापसांत मैत्री आहे, ज्यांना रिकामा वेळ आहे, ते निर्णय घेतात, आणि ते निवडून आलेले नसल्यामुळे त्यांना जाबही विचारता येत नाही. त्यांनी सुचवलेले उपाय कोरडे आहेत, पण चालतात: विशिष्ट काम विशिष्ट व्यक्तीकडे उघडपणे सोपवणे, तिला गटाला उत्तरदायी ठेवणे, कामे फिरती ठेवणे, माहिती सर्वांपर्यंत नियमित पोहोचवणे. सेवक-नेता म्हणजे अधिकार न वापरणारा नेता, अशी समजूत करून घेतलेल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

सुगम

माणसे उभी करण्याच्या कामाचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे अमेरिकेतल्या नागरिकत्व शाळा. दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या जॉन्स बेटावर कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर वाचता येणे दाखवावे लागे, आणि अनेक प्रौढांना शाळाच मिळालेली नव्हती. तिथले एसॉ जेन्किन्स स्वतःच्या बसने लोकांना कामावर ने-आण करत. बसमध्येच ते कायद्याचा मजकूर त्यांना समजावून देत. पण पाठ करून म्हणणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिका होत्या. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिल्यामुळे त्यांची नोकरी गेली होती. त्यांनी आणि हायलँडर या प्रौढशिक्षण केंद्राने १९५७ च्या जानेवारीत पहिला वर्ग सुरू केला, एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत.

आता मुद्द्याची गोष्ट अशी, की क्लार्क यांनी तो वर्ग स्वतः घेतला नाही आणि दुसऱ्या शिक्षकालाही दिला नाही. त्यांनी बर्निस रॉबिन्सन यांना निवडले. त्या केशभूषेचे आणि शिवणकामाचे काम करत; शिकवण्याचा अनुभव नाही, हीच त्यांची पात्रता मानली गेली, कारण शिक्षकी तोरा त्यांच्यात असणार नव्हता. लहान मुलांचे साहित्य प्रौढांपुढे चालणार नाही हे रॉबिन्सन यांना लवकरच दिसले, आणि त्यांनी वर्गालाच विचारले, की तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे अगदी रोजच्या जगण्यातली होती. आपल्या नावाची सही करता यावी, मनीऑर्डरचा अर्ज भरता यावा, वर्तमानपत्र वाचता यावे. अभ्यासक्रम त्यातून तयार झाला आणि मतदारनोंदणीचा अर्ज हे त्यातले एक पाठ्यपुस्तक झाले. पुढे ही पद्धत दक्षिणेतल्या इतर राज्यांत पसरली तेव्हाही शिकवणारे बहुतेक त्या त्या वस्तीतलेच साधे लोक होते. क्लार्क यांचे नाव त्या काळातल्या मोठ्या वक्त्यांच्या मानाने कमी ऐकू येते. ग्रीनलीफ यांचा निबंध यायला तेव्हा अजून तेरा वर्षे होती, हेही नोंदवून ठेवतो. कल्पनेचे श्रेय निबंधकाराला द्यावे, कामाचे देऊ नये.

काठावरचा

याच पठडीतले एक: एप्रिल १९६० मध्ये अमेरिकेतल्याच नागरी हक्क चळवळीतल्या एला बेकर यांनी वर्णभेदाविरुद्ध धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांची परिषद भरवली. चळवळीतल्या प्रस्थापित संघटनेला हे विद्यार्थी आपली युवक शाखा म्हणून हवे होते. बेकर स्वतः त्याच संघटनेत काम करत होत्या, तरीही विद्यार्थ्यांनी स्वतंत्र राहावे अशी बाजू त्यांनी घेतली आणि विद्यार्थ्यांनी आपली वेगळी संघटना उभारली. आपल्याच संस्थेचा विस्तार नाकारणे किती जणांना जमेल?

वाकडी_वाट

उदाहरणे उत्तम आहेत. पण एक व्यावहारिक अडचण कोणी घेतलेली नाही. समजा, एखादा सभासद सामाईक गोष्टींचा गैरफायदा घेतो, कामे स्वीकारून करत नाही, इतरांना तोडून बोलतो. सेवक-नेता त्याचेही ऐकतच बसणार का? मी पाहिलेले अनेक भले अध्यक्ष इथेच कच्चे पडतात. एकाशी वाईटपणा नको म्हणून ते गप्प राहतात आणि चांगले काम करणारे चार जण निमूटपणे येणे बंद करतात.

अनुमोदक

याला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात चांगले उत्तर आहे. सामाईक कुरणे, सिंचन, मासेमारीची ठिकाणे लोक पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळतात हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून पाहिले. १९९० साली त्यांचा ग्रंथ आला आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही समान गोष्टी दिसल्या. ज्यांना नियम लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असतो. देखरेख करणारे त्याच लोकांना उत्तरदायी असतात. आणि नियम मोडणाऱ्याला शिक्षा असते, पण ती पायरीपायरीने वाढते. पहिल्या वेळी जवळजवळ नावापुरती. पहिल्या सौम्य पायरीचा उपयोग असा, की माणसाला तोंड न लपवता परत येता येते. मात्र ती पायरी असतेच, तिच्याकडे डोळेझाक होत नाही. तेव्हा अध्यक्षाने त्या सभासदाला लवकर, एकट्याला गाठून, नेमकी घटना सांगून बोलावे. ‘लोकांची तक्रार आहे’ अशा मोघम शब्दांत बोलू नये. कोणत्या दिवशी कोणते काम झाले नाही ते सांगावे. चार जण येणे बंद करतात तेव्हा नुकसान अध्यक्षाच्या भलेपणाचे होत नाही, त्या चौघांचे होते.

शिशिरा

आभार. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे आपण लोकांना बांधून ठेवतो आहोत हे कसे ओळखावे याचे, थेट उत्तर आले नसले तरी मागचा_बाक आणि वाकडी_वाट यांच्या प्रतिसादांतून ते हाती लागते आहे. आपल्याला शेवटचा विरोध कोणी आणि कधी केला हे आठवून पाहावे. आठवतच नसेल तर काळजी करावी. आपण नसताना झालेला एखादा निर्णय आपल्याला पटला नाही, तरी तो तसाच राहू दिला, असे कधी झाले का, हेही पाहावे. जमाखर्च, आपल्याला एक विचारायचे आहे. त्या खजिनदारांनी वहीला हात लावला नाही हे ठीक, पण त्या मुलीचे चुकले असते तर? नवखा माणूस सुरुवातीला काम कमीच चांगले करणार. त्यात ज्यांची सेवा करायची त्यांचेच नुकसान झाले तर?

जमाखर्च

रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सगळ्या कामांना एकच देता येत नाही. मी कामांची विभागणी चूक झाल्यावर ती किती लवकर कळते आणि किती सहज दुरुस्त होते, यावरून करतो. ताळमेळ चुकला तर पुढच्या महिन्याला कळतो आणि दुरुस्त होतो. तिथे खुशाल चुकू द्यावे, मध्ये तोंड घालू नये. सूचनापत्रातली भाषा बेताची झाली, कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला, असल्या गोष्टी तर नजरेआड कराव्यात. अनुदानाच्या अर्जाची अंतिम तारीख हुकली तर वर्ष जाते. तिथे नवख्याने काम करावे, पण तारखेच्या आठवडाभर आधी दुसऱ्या कोणीतरी कागद पाहायचा, हे आधीच ठरलेले असावे, म्हणजे ऐनवेळी हस्तक्षेप केल्यासारखे होत नाही. आणि एखाद्या रुग्णाला रात्री रक्त मिळवून देण्यासारखे काम असेल, तर तिथे नवख्याला आधी बरोबर न्यावे, बरेच दिवस न्यावे. एकट्यावर सोडण्याची घाई करू नये.

मुलीचे चुकलेच, तेही सांगतो. तिसऱ्या महिन्यात तिने एक रक्कम दोनदा धरली होती. खजिनदारांना ते वही समोरून उलटी दिसत असतानाच लक्षात आले, कारण शिल्लक किती असायला हवी हे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी फक्त विचारले, की ‘तुझा फरक किती येतो?’ तिने आकडा सांगितला, स्वतःच कपाळाला आठी घातली आणि पुन्हा वरून टिकमार्क करायला सुरुवात केली. हल्ली ती दुसऱ्या एकाला शिकवते आहे आणि त्याच्यासाठी टिपण त्यालाच लिहायला लावते.